बालकाचे विकासटप्पे : संस्कार, पालकांची नोंद आणि वैद्याची जबाबदारी

प्रास्ताविक

कौमारभृत्य हे अष्टांग आयुर्वेदातील एक स्वतंत्र अंग आहे. इतर अंगांत रुग्ण आपली व्यथा स्वतः सांगतो. येथे रुग्णाला वाचाच फुटलेली नसते. त्याच्या वतीने आई बोलते, आजी बोलते, क्वचित वडील बोलतात. आणि त्यांचे बोलणे नेहमी तक्रारीच्या रूपात असतेच असे नाही. "परवापासून उपडा पडायला लागलाय", "पाळण्यावरचं चिमणाळं हलवलं की हसतो", "जावेचं बाळ महिन्यानं लहान, पण ते बसतं, हा अजून कलंडतो" अशी वाक्ये सर्दी-खोकल्याचे औषध घेता घेता सहज येऊन जातात. आपण कौतुकाने मान डोलावतो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो.

वास्तविक ही वाक्ये म्हणजे प्रश्नपरीक्षाच होय. बाळ केव्हा हसले, केव्हा बसले, पहिला घास कसा घेतला, पहिले पाऊल केव्हा टाकले, हा पालकांच्या दृष्टीने आनंदाचा विषय असतो. वैद्याच्या दृष्टीने तो बालकाच्या धातुपोषणाचा, इंद्रियांचा आणि मज्जेचा वृत्तांत असतो. आपल्या संहिताकारांनी बालसंस्कारांची जी मालिका सांगितली, तिच्याकडे केवळ धार्मिक विधी म्हणून न पाहता बालपरीक्षणाच्या ठरलेल्या तिथी म्हणून पाहिले, तर रोजच्या चिकित्सेत तिचा मोठा उपयोग होतो. प्रस्तुत लेखात या संस्कारांची आजच्या बालविकासशास्त्राशी सांगड घालून, सोलापुरातील घरांत आम्हांस जे दिसते त्याच्या आधारे, काही व्यवहार्य सूचना मांडत आहोत.

संहितांतील टप्पे

सुश्रुतांनी बाल्यावस्थेचे आहारानुसार तीन भाग केले आहेत. एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद आणि त्यापुढे अन्नाद. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागार, खेळणी व बालकाशी वागण्याची रीत सांगितली. वाग्भटांनी उत्तरस्थानाचा आरंभच बालोपचरणीय अध्यायाने केला. परंतु या विषयाचा खरा विस्तार काश्यपसंहितेत आहे. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह ही संहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाली. ग्रंथ खंडित आहे; तरीही लेहाध्याय, दंतजन्मिक अध्याय, वेदनाध्याय, फक्कचिकित्सा आणि खिलस्थानातील जातकर्मोत्तरीय अध्याय हे बालविकासाच्या अभ्यासकाने पुनःपुन्हा वाचावेत असे आहेत.

या ग्रंथांत महिन्यांबाबत एकवाक्यता नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. निष्क्रमण चौथ्या महिन्यात हे बहुमान्य आहे. उपवेशन अष्टांगसंग्रहानुसार पाचव्या महिन्यात, तर काश्यपानुसार सहाव्या महिन्यात. अन्नप्राशन सुश्रुतानुसार सहाव्या महिन्यात. काश्यप मात्र सहाव्या महिन्यात फलप्राशन सांगून धान्याचे अन्न दहाव्या महिन्याकडे नेतात. या मतभेदाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. प्रत्येक बालकाची गती वेगळी असते, हेच त्यातून सूचित होते.

आधुनिक निरीक्षणही हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचे निरीक्षण करून २००६ साली हालचालींच्या सहा टप्प्यांच्या कालमर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यानुसार आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांत, हातागुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिन्यांत आणि आधाराविना चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत येते. सुमारे चार टक्के निरोगी बालके हातागुडघ्यांवर न रांगताच पुढे उभी राहिली. म्हणजे टप्पा ही एक तारीख नसून एक खिडकी आहे. पालकांना धीर देताना ही खिडकी सांगावी आणि ती बंद होत आली की धीर देणे थांबवावे.

निष्क्रमण : चौथा महिना

बालकास घराबाहेर नेऊन सूर्य-चंद्राचे व देवतेचे दर्शन घडवणे हा निष्क्रमणाचा विधी. आपल्याकडे बाळाला प्रथम सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेण्याची प्रथा अनेक घरांत आहे. बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर पडायचे, तर त्याने मान धरलेली असली पाहिजे. आणि दर्शन घडायचे, तर त्याची दृष्टी वस्तूवर स्थिरावली पाहिजे. हा संस्कार चौथ्या महिन्यात का ठेवला असावा, याचे उत्तर यातच आहे. म्हणून या वयाचे बालक आले की चार गोष्टी अवश्य पाहाव्यात : मान स्थिर आहे का, डोळे हलत्या वस्तूमागे जातात का, ओळखीचा चेहरा पाहून हसते का, आवाजाने दचकते अथवा शांत होते का.

याच वयाशी निगडित सोलापूरचा एक प्रश्न उन्हाळ्याचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि "बाळाला शोष पडतो" म्हणून आज्या चमच्याने पाणी पाजू लागतात. सहा महिन्यांच्या आतील, केवळ स्तन्यावर असलेल्या बालकास उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही; ते वारंवार अंगावर घेतल्याने भागते. पाणी मात्र आईने भरपूर प्यावे. बाळ दिवसातून सहा वेळा वा अधिक लघवी करीत असेल, तर त्याला पुरेसे दूध मिळते असे समजावे. अंघोळीनंतरची धुरी बंद खोलीत देऊ नये. कोवळ्या श्वासमार्गास धूर मानवत नाही. काजळ घालण्याचा आग्रह असेल, तर ते डोळ्यांत न घालता कपाळावर तीट लावून भागवावे.

उपवेशन : पाचवा-सहावा महिना

काश्यपांनी उपवेशनाचा विधी फार बारकाईने सांगितला आहे. सारवलेल्या भूमीवर बालकास बसवावे, त्याच्याभोवती खेळणी मांडावीत. परंतु फार वेळ बसवू नये. अतिउपवेशनाने कटिदौर्बल्य, पाठीचा शीण, ज्वर, मलमूत्र व वायूचा अवरोध आणि आध्मान हे उपद्रव होतात, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. उशा लावून, गादीच्या कोपऱ्यात वा प्लास्टिकच्या खुर्चीत बाळाला तासन्‌तास बसवण्याची सवय आज सर्वत्र दिसते. पाठीच्या स्नायूंना बळ येते ते पालथे पडून मान उचलण्याने, अंग फिरवण्याने आणि जमिनीवर कलंडत-सावरत बसण्याने.

विडी वळणाऱ्या भगिनींच्या घरांत हा विषय अधिक गंभीर होतो. सोलापुरात घरबसल्या विडी वळणाऱ्या हजारो माता आहेत. आईच्या मांडीवर पानतंबाखूचे सूप असते, तेव्हा मांडीवर मूल नसते. ते शेजारी पाळण्यात, झोळीत वा मोठ्या बहिणीच्या कडेवर असते. झोळीत दिवसभर गुंडाळलेल्या बालकास पालथे पडायला जागाच मिळत नाही. अशा मातेस "बाळाकडे लक्ष द्या" असा उपदेश करणे निरर्थक आहे. तिला करता येईल असे सांगावे : तंबाखूच्या जागेपासून दूर, भिंतीलगत जाड चादर अंथरून, दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटे बाळाला पालथे मोकळे सोडा, त्याच्याजवळ मोठे माणूस असू द्या, आणि त्याला उचलण्यापूर्वी हात स्वच्छ धुवा. एवढी सूचना पाळली गेल्याचे व बालकाच्या मानेत-पाठीत बळ आल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

उष्टावण : सहा महिने पूर्ण झाल्यावर

सुश्रुतांनी सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे आणि आधुनिक बालरोगशास्त्रही सहा महिने पूर्ण होताच स्तन्यासोबत पूरक अन्न सुरू करण्यास सांगते. घोटाळा होतो तो समारंभानंतर. उष्टावणाच्या दिवशी चांदीच्या वाटीतून खीर चाटवली जाते, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा दुधावरच राहते. वर्षाचे होईपर्यंत त्याच्या पोटात चहात बुडवलेले बिस्किट, वरणाचे पाणी आणि भाताची पेज यांपलीकडे काही जात नाही.

याचा परिणाम पांडुरोगात दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत रक्ताल्पतेचे प्रमाण देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के होते. तीन बालकांपैकी दोन, असा याचा सरळ अर्थ आहे. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सुमारे सहा महिने पुरतो. नंतर तो अन्नातूनच यावा लागतो. लोहाची उणीव म्हणजे केवळ फिकटपणा नव्हे. खेळण्यातील उत्साह, लक्ष आणि शिकण्याची गती यांवर तिचा परिणाम होतो.

आपल्या भागात यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, मुगाच्या डाळीची सैल खिचडी करून, त्यात चमचाभर तूप घालून आरंभ करावा. पालेभाजी घोटून, लिंबाचे चार थेंब पिळून द्यावी, म्हणजे लोहाचे शोषण सुधारते. मांसाहारी घरांत अंडे व यकृत मऊ शिजवून देता येते. प्रथम दोन-तीन चमचे, मग हळूहळू वाढवत नऊ ते अकरा महिन्यांच्या सुमारास दर वेळी अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, अशी मात्रा असावी. अन्न पातळ पाण्यासारखे नसावे. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतके दाट असावे. चहा पूर्ण वर्ज्य. शासकीय अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात या वयास आठवड्यातून दोनदा लोह व फॉलिक आम्लाचे सिरप १ मिली दिले जाते. ते बालकास मिळते का, हे विचारावे. आपले मंडूर वा लोहकल्प देताना ही मात्रा हिशेबात धरावी, दुहेरी लोह होऊ देऊ नये.

कर्णवेध

सुश्रुतांनी सहाव्या वा सातव्या महिन्यात कर्णवेध सांगितला. वाग्भटांनी आठवा महिनाही मान्य केला. सूर्यप्रकाशात कानाची पाळी पाहून दैवकृत छिद्राच्या जागीच वेध करावा, अन्यथा कालिका, मर्मरिका व लोहितिका या सिरांस इजा होऊन उपद्रव होतात, हे वर्णन आपणा सर्वांस विदित आहेच. या वयापर्यंत दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसी पूर्ण झालेल्या असतात आणि त्यांत धनुर्वाताचे संरक्षण येते. म्हणून वेधापूर्वी लसीकरणाचे कार्ड मागावे. सुई निर्जंतुक असावी. वैद्याच्या हातून कान टोचून घेण्यास पालक आनंदाने येतात. त्या भेटीत वजन, उंची व शिरोपरीघ मोजण्याची संधी साधावी. जन्मवेळी सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला शिरोपरीघ वर्षभरात ४५ ते ४६ सेंटिमीटर होतो. वजन पाच महिन्यांत दुप्पट व वर्षात तिप्पट होते.

दंतोद्भव : एक घातक समजूत

दंतजन्मिक अध्यायात काश्यपांनी चौथ्या महिन्यात येणारे दात दुर्बल आणि आठव्या महिन्यात येणारे दात उत्तम मानले आहेत. वाग्भटांनी दंतोद्भवकाळी अनेक रोग संभवतात असे सांगून, अशा बालकावर फार निर्बंध घालू नयेत, दात आल्यावर ते आपोआप शमतात, असा दिलासा दिला आहे.

या दिलाशाचा विपर्यास मात्र रोज दिसतो. आठ-नऊ महिन्यांच्या बालकास दिवसात आठ-दहा पातळ जुलाब होतात, डोळे खोल जातात, लघवी कमी होते, आणि घरचे म्हणतात, "दात येतायत, होणारच." याच वयात बाळ रांगू लागते, जमिनीवरचे सर्व तोंडात घालते आणि वरचे अन्न सुरू झालेले असते. जुलाबाचे कारण बहुधा तेथे असते. दाताने हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, चिडचिड होते, अंग किंचित कोमट लागते. परंतु तीव्र ज्वर, वारंवार जुलाब वा मलूलपणा यांचे खापर दातांवर फोडू नये. क्षारसंजीवनी ताबडतोब सुरू करावी, स्तनपान चालू ठेवावे आणि चौदा दिवस जस्त द्यावे : सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. बाळ पिईनासे झाले, सुस्तावले, शौचात रक्त आले किंवा सारखी उलटी होऊ लागली, तर त्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे. बालचातुर्भद्र चूर्णासारखे उत्तम कल्प आपल्याकडे आहेत. त्यांचे स्थान क्षारसंजीवनीच्या जोडीने आहे, तिच्या जागी नाही.

पहिले पाऊल : फक्क आणि पांगुळगाडा

काश्यपसंहितेतील फक्करोगाचे वर्णन हे जगाच्या वैद्यकवाङ्मयात बालकाच्या विकासविलंबाचे एक प्राचीन व नेमके वर्णन मानावे लागेल. एक वर्षाचे झाल्यावरही जे बालक पायांनी चालत नाही ते फक्क. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. क्षीरज, म्हणजे दूषित स्तन्यामुळे झालेला. गर्भज, म्हणजे माता लवकर पुन्हा गर्भिणी राहिल्याने स्तन्य आटून बालक कृश झाल्यामुळे झालेला. आणि व्याधिज, म्हणजे दीर्घ व्याधीने क्षीण झाल्यामुळे झालेला. नितंब, बाहू व मांड्या सुकलेल्या, उदर मोठे, शिर मोठे, हे व्याधिजाचे चित्र कुपोषित वा मुडदुसाच्या बालकात आजही जसेच्या तसे दिसते. गर्भज प्रकारातील सूचना तर आजच्या पाळणा लांबवण्याच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळते.

येथे एक शंका येईल. जागतिक मर्यादा साडेसतरा महिन्यांची आणि काश्यपांची एक वर्षाची, मग कोणती मानावी? आमच्या मते दोन्ही मानाव्यात. एक वर्ष पूर्ण झाले आणि बाळ धरूनही उभे राहत नाही, तर त्यास फक्क म्हणून शिक्का न मारता तपासणी सुरू करावी : मनगटे रुंद आहेत का, बरगड्यांवर गाठी आहेत का, टाळू फार रुंद आहे का, पाय ताठ वा अतिशिथिल आहेत का, अपुऱ्या दिवसांचा जन्म होता का. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे वय दोन वर्षांपर्यंत मूळ प्रसूतितिथीपासून मोजावे. अठरा महिने झाले आणि स्वतंत्र चालत नाही, तर कोणत्याही सबबीवर थांबू नये. "याचे वडीलही उशिराच चालले" हे ऐकून घ्यावे आणि तरीही बालरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. आतील खोल्यांत वाढणाऱ्या बालकांना कोवळे ऊन मिळत नाही. पहिल्या वर्षात जीवनसत्त्व ड रोज ४०० एकक देण्याची बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. ती आपल्या अभ्यंग व आतपसेवनाच्या आड येत नाही.

चिकित्सेत काश्यपांनी कल्याणक घृत, षट्पल घृत व राजतैलाचा अभ्यंग यांसोबत तीन चाकांचा फक्करथ सांगितला आहे. त्याला धरून बालकास चालण्याचा अभ्यास करवावा. आपल्या घराघरांतील लाकडी पांगुळगाडा तो हाच. पांगळ्यास चालवणारा गाडा, असे नावही तोच अर्थ सांगते. बाळ आपल्या पायांवर उभे राहते, दांडी धरते, तोल सावरते आणि गाडा पुढे ढकलते. भार पायांवर येतो.

बाजारातील गोल वॉकर मात्र याच्या नेमका उलट आहे. त्यात बाळ कापडी बैठकीत लोंबते, बोटांच्या टोकांनी जमीन रेटते आणि क्षणार्धात उंबऱ्यापर्यंत वा जिन्यापर्यंत पोहोचते. त्याने चालणे लवकर येत नाही. उलट पडण्याच्या व भाजण्याच्या घटना घडतात. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या आजोबांनी सुताराकडून करून घेतलेला गाडा माळ्यावर टाकून पालक दुकानातून वॉकर आणतात, तेव्हा त्यांना हा भेद समजावणे हे वैद्याचे काम आहे. पांगुळगाडाही सपाट जागी, मोठ्यांच्या नजरेसमोर आणि बाळ स्वतः धरून उभे राहू लागल्यावरच द्यावा.

पहिला शब्द : अनेक भाषांचे घर

सोलापुरात एका वाड्यात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारही भाषा कानी पडतात. आई घरात तेलुगू बोलते, शेजारीण कन्नड, अंगणवाडीताई मराठी. म्हणून बालक दोन वर्षांचे होऊनही बोलत नसले की "भाषांचा गोंधळ झालाय" हे स्पष्टीकरण तयारच असते. ते चूक आहे. अनेक भाषा ऐकल्याने वाचा खुंटत नाही. शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावेत; "नीळ्ळु" आणि "पाणी" हे दोन शब्द धरावेत. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, तर श्रवणाची तपासणी झालीच पाहिजे.

एक उदाहरण देतो. वीस महिन्यांचे एक बालक खोकल्यासाठी आमच्याकडे आणले होते. बोलत नाही याचे कारण आजीने भाषांचा गोंधळ हेच सांगितले. आईचेही तेच मत. जाता जाता वडील म्हणाले, "डॉक्टर, कुकरची शिट्टी झाली की मोठी मुलगी दचकते, हा मात्र खेळतच राहतो. मांग चालू केला की मात्र जमिनीला हात लावून बघतो." यंत्रमागाची धडधड त्यास जमिनीतून कळत होती. बेरा तपासणीत दोन्ही कानांचा तीव्र बाधिर्यदोष निघाला. श्रवणयंत्र व वाचाोपचार सुरू झाले. त्या एका वाक्याने जे निदान दिले, ते नाडीने वा जिव्हेने दिले नसते. वडिलांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

म्हणून आम्ही प्रत्येक पालकास एक साधा प्रश्न विचारतो : "गेल्या महिन्यात बाळाने नवीन काय केले?" उत्तर केसपेपरवर तारखेसह लिहितो. सलग दोन-तीन भेटींत "नवीन काही नाही" असे उत्तर आले, की आम्ही औषध बाजूला ठेवून बालकास जमिनीवर बसवून पाहतो.

खेळणी, भीती आणि वेदना

खेळणे कसे असावे, याविषयी चरकांनी सांगितलेले निकष आजच्या सुरक्षामानकांत शोभतील असे आहेत : विविध रंगाचे, आवाज करणारे, मनोहर, वजनाने हलके, अणकुचीदार नसलेले, तोंडात न जाणारे, प्राणास धोका न करणारे व भीती न वाटणारे. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या यात्रेच्याच दिवसांत, बोरन्हाण होते. चुरमुरे, हलवा, बोरे, शेंगदाणे बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि ते हाताला येईल ते तोंडात घालते. शेंगदाणा वा बोराची बी श्वासनलिकेत जाणे हा प्राणघातक अपघात आहे. बोरन्हाण अवश्य करावे. परंतु शेंगदाणे, हरभरे व बोरे यांऐवजी फुलांच्या पाकळ्या व मोठा खाऊ वापरावा. त्या आठवड्यात अचानक सुरू झालेला खोकला वा एकाच बाजूची घरघर दिसली, तर कफविकार म्हणून औषध देऊ नये. क्ष-किरण तपासणी व तज्ज्ञांकडे रवानगी करावी.

बालक जेवत नाही वा रडते म्हणून राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्यास भिववू नये, हाही चरकांचाच उपदेश. बागुलबुवाची जागा आता मोबाइलने घेतली आहे. बुवा दाखवून घास भरवणारे घर पडदा दाखवून भरवते. दोन वर्षांच्या आतील बालकास पडदा दाखवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ सालची सूचना आहे. पडद्याकडे पाहत गिळणाऱ्या बालकास भूक व तृप्ती या दोन्हींची ओळख होत नाही आणि समोरच्या चेहऱ्याशी होणारा संवाद तुटतो.

वेदनाध्यायातील लक्षणे पालकांना सोप्या भाषेत शिकवावीत. बाळ वारंवार कानाला हात लावते, डोके घुसळते, स्तन टाळून लाळ गाळते, पोट ताठरून उताणे रडते. कोठे दुखते हे ते अशाच खुणांनी सांगते. ज्या मातेस या खुणा कळतात ती योग्य वेळी येते.

औषधी विक्रेत्या बंधूंसाठी

बाळंतिणीचे सामान घ्यायला येणारा ग्राहक वैद्याआधी औषधी दुकानदाराला भेटतो. म्हणून पुढील गोष्टी आपल्या हाती आहेत.

बाळगुटी : पहिले सहा महिने केवळ स्तन्य हे तत्त्व पाळावे. काश्यपांनी लेह कोणास द्यावा व कोणास देऊ नये, असे दोन्ही वर्ग सांगितले आहेत. म्हणजे गुटी सरसकट नाही. मंदाग्नी, अजीर्ण वा ज्वर असताना ती देऊ नये. सहाण अस्वच्छ असेल, तर गुटीतून जुलाबच मिळतो. जायफळाचे वळसे झोप लागावी म्हणून वाढवणे धोक्याचे आहे. मुंबईच्या गिरण्यांतील कामकरी माता १९२० च्या दशकात बाळास अफूची बाळगोळी देत असत, ही गोष्ट त्या काळच्या पाहण्यांत नोंदलेली आहे. आईला काम उरकायचे असते, हे त्यामागचे कारण आजही संपलेले नाही. "बाळ झोपेल असे काहीतरी द्या" ही मागणी आली की विक्रेत्याने नाही म्हणावे आणि वैद्याकडे पाठवावे.

मध : जातकर्मात व सुवर्णप्राशनात मधाचा उल्लेख आहे. तथापि एक वर्षाच्या आतील बालकास मधातील जंतुबीजांमुळे बोट्युलिझम हा गंभीर विकार संभवतो. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे अनुपान टाळावे.

विषारी द्रव्ये : औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील परिशिष्ट ई-१ मध्ये अहिफेन, वत्सनाभ, धत्तूर, जयपाल, कुचला आदी द्रव्ये आहेत. ज्या कल्पांत ती आहेत त्यांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. असा कल्प बालकासाठी चिठ्ठीविना देऊ नये. वेष्टनावर निर्मितीचा परवाना क्रमांक, तारीख व मात्रा नसलेली बालौषधे ठेवू नयेत.

थांबू नये अशा खुणा

पुढील यादी आम्ही चिकित्सालयात भिंतीवर लावली आहे. वाचकांनीही ती उतरवून घ्यावी.

१. तीन महिन्यांपर्यंत ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नाही.
२. पाच महिन्यांपर्यंत मान धरत नाही.
३. दहा महिन्यांपर्यंत आधाराविना बसत नाही.
४. एक वर्षापर्यंत नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोटाने दाखवणे वा टाटा करणे यांसारखी खूण करीत नाही.
५. अठरा महिन्यांपर्यंत चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही.
६. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही.
७. आलेली कोणतीही क्रिया, मग ती हसणे असो वा शब्द, कोणत्याही वयात गमावते.

सातवी खूण सर्वांत गंभीर समजावी.

यांपैकी एकही खूण दिसल्यास पाठवायचे कोठे, हेही ठाऊक असावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, आपल्या राज्यातच, पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, उणीवजन्य विकार, बालरोग आणि विकासविलंब यांची शून्य ते अठरा वयोगटात तपासणी हे त्याचे कार्य. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्य असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी होते आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. म्हणजे गावोगावच्या बालकांस प्रथम पाहणारे डोळे आपल्याच पदवीधरांचे आहेत. माता व बाल संरक्षण कार्डावर विकासटप्प्यांची चित्रे छापलेली असतात. ते कार्ड बहुतेक घरांत केवळ लसीच्या तारखांसाठी उघडले जाते. आपण ते उघडून मागचे पान आईला दाखवावे.

समारोप

बालकाच्या आयुष्यातील पहिली दोन वर्षे पुन्हा येत नाहीत. या काळात मज्जेची जी घडण होते, तिला उशिरा दिलेले औषध पूर्णपणे भरून काढू शकत नाही. वेळेवर दिलेला हात मात्र पुष्कळ काही साधतो. संहिताकारांनी चौथा, सहावा, दहावा असे महिने नेमून पालकांना बालकाकडे थांबून पाहण्याची सवय लावली. बारसे, उष्टावण, कान टोचणे, बोरन्हाण या निमित्तांनी घर आजही थांबते, पाहते, कौतुक करते. त्या कौतुकाची नोंद घेणे आणि जेथे कौतुकाला जागा उरली नाही तेथे वेळेवर पुढे पाठवणे, एवढे आपण वैद्यवर्गाने व औषधी विक्रेत्यांनी केले, तरी कौमारभृत्याची मोठी सेवा घडेल.